छान बसलं

१ सप्टेंबर, सोमवार

कार्यशाळा घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, शिकवणाऱ्यांनी रोज थोडं लिहावं, मन मोकळं होतं. आजवर मन मोकळं करायला मला तोंड पुरत होतं. पण आता तोंडाचीच तक्रार झाली आहे, म्हणून ही वही.

झालं असं की गेल्या वर्षी आमच्या नर्सिंग कॉलेजातली एक मुलगी परीक्षेच्या तोंडावर सगळं सोडून घरी निघून गेली. तिच्या घरच्यांनी कळवलं की इथल्या शिक्षिका वॉर्डात, पेशंटसमोर, मुलींवर ओरडतात. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. तरी बैठकीत ते वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझा आवाज मोठा आहे हे खरं. मुली मागून मला ‘शिट्टी’ म्हणतात हेही मला ठाऊक आहे. त्या मुलीच्या वर्गावर मी कधी गेलेही नव्हते, पण हे कुणाकुणाला सांगत बसू?

प्राचार्यांनी प्रत्येकीला एक कार्ड दिलं आहे, ॲप्रनच्या खिशात मावेल एवढं. मुलीला तिची चूक कशी सांगायची याच्या तीन पायऱ्या. आधी काहीतरी चांगलं सांगायचं. मग चूक. मग पुन्हा चांगलं. ‘ओरडणं बंद म्हणजे बंद,’ प्राचार्या म्हणाल्या, ‘यंदा एकही मुलगी जाता कामा नये.’ हे म्हणताना त्या माझ्याकडेच बघत होत्या की मला तसं वाटलं?

३ सप्टेंबर, बुधवार

आज कार्ड पहिल्यांदा वापरलं. जीभ अक्षरशः दाताखाली धरून.

माझ्याकडे दुसऱ्या वर्षाच्या मुली आहेत, सर्जिकल वॉर्डात. त्यातल्या एकीच्या चालण्याचा आवाजच येत नाही, म्हणून वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरनं पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘माऊ’ ठेवलं आणि आता सगळा वॉर्ड तिला माऊच म्हणतो. हात चांगला आहे पोरीचा, पण प्रॅक्टिकलला गेल्या खेपेस नापास झाली. ऑक्टोबरात दुसरी आणि शेवटची संधी. त्यातही गेली तर वर्ष गेलं, आणि घरून निरोप आहे की मग तिकडे राहू नकोस, परत ये. म्हणजे ‘एकही मुलगी जाता कामा नये’ यातली ती एक हीच असणार, हे मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. माझ्याच गळ्यात.

आज तिनं ब्लडप्रेशर घेताना पट्टा पेशंटच्या बाहीवरूनच बांधला. पूर्वी माझा आवाज पार लिफ्टपर्यंत गेला असता. आज मी खिशातलं कार्ड डोळ्यांखालून घातलं आणि म्हणाले, ‘छान. पेशंटशी गोड बोललीस. पण पट्टा बाहीवर बांधलास, आकडा चुकीचा येणार, हे पहिल्या वर्षाचं काम आहे. बाकी छान.’ तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. सोपं आहे की हे!

थोड्याच वेळात इन्चार्ज सिस्टर वॉर्डाच्या त्या टोकावरून ओरडल्या, ‘अगं ए माऊ, चादर घातलीस की गाठोडं बांधलंस? काढ ती, पुन्हा घाल!’ माऊ हसली, जीभ चावली आणि पळत जाऊन चादर काढली. सिस्टर हॉस्पिटलच्या नोकरीत आहेत, कॉलेजच्या नाहीत, त्यांना कुणी कार्ड दिलेलं नाही. मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला लिहू.

९ सप्टेंबर, मंगळवार

सवय व्हावी म्हणून कार्डाची रीत घरीही सुरू केली आहे. लेकीनं निबंध दाखवला. म्हटलं, ‘छान, अक्षर सुधारलंय. पण मधला परिच्छेद सगळा पुस्तकातून उतरवलास. शेवट मात्र छान.’

दुसऱ्या दिवशी गणितं घेऊन आली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, ‘आई, मधलंच सांग ना.’

‘म्हणजे?’

‘आधीचं आणि नंतरचं राहू दे. मधलं सांग, मला खेळायला जायचंय.’

फार आगाऊ झाली आहे. नवरा मात्र पेपरामागे खुसखुसत होता. म्हणाला, ‘तुझं छान म्हणजे इंजेक्शनच्या आधी लावायचा कापूस. गार लागला की माणूस कळून चुकतो.’ त्याला काय जातंय! त्याला दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायच्या असतात, लिफ्टचे आईवडील तक्रार करत नाहीत.

१५ सप्टेंबर, सोमवार

दोन आठवड्यांत एकही मुलगी रडली नाही. वॉर्डात माझ्यामागे चालताना पूर्वी कुजबुज चालायची, तीही थांबली. मी ‘छान’ म्हटलं की सगळ्या एकदम गप्प होतात, पाठी ताठ, नजर माझ्यावर. इतकं लक्ष मला पंधरा वर्षांत कधी मिळालं नव्हतं. प्राचार्यांना सांगायला हवं.

आज डेमोच्या खोलीबाहेर मुलींचं बोलणं कानावर पडलं. वर्गातली रेडिओ, म्हणजे जिच्याकडून सगळ्यांना बातम्या मिळतात ती, म्हणत होती, ‘आज माऊला दोनदा छान बसलं.’ दुसरी म्हणाली, ‘मला एकदाच, पण काय बसलं!’ नवे युनिफॉर्म शिवून आलेत ना, त्याचं चाललं होतं. पोरींना युनिफॉर्मचं कौतुक वाटतं हे बघून बरं वाटलं. खरं सांगायचं तर माऊला तिचा मुळीच छान बसलेला नाही. खांद्यावरून उतरतो आणि कमरेला ढगळ होतो. शिंप्यानं माप नीट घेतलं नसणार.

१७ सप्टेंबर, बुधवार

प्राचार्यांनी जिन्यात गाठून म्हटलं, ‘तुमच्यात छान बदल झालाय हं.’ एवढंच, आणि त्या पुढे गेल्या. मी तिथेच उभी. आता ‘पण’ येणार, आता येणार. आला नाही. तो येत नाही म्हणून जास्तच घाम फुटला. शेवटी मधल्या सुट्टीत त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मीच विचारलं, ‘मॅडम, काही राहिलंय का माझ्याकडून?’ त्या गोंधळल्या. ‘नाही हो, कुठे काय?’ तरी दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एवढी काय मी घाबरट झाले आहे, देव जाणे.

२४ सप्टेंबर, बुधवार

माऊ आज वॉर्डात चक्कर येऊन बसली.

सलाईन लावलेल्या एका मावशींची नाडी बघत होती. मी शेजारी उभी. पेशंटचं मनगट कसं धरलंय ते बघून मी ‘छान’ म्हटलं, आणि अंगठ्यानं नाडी मोजू नये हे सांगणार तोवर ती पलंगाचा दांडा धरून हळूहळू खाली बसली. चेहरा पांढराफटक. इन्चार्ज सिस्टर धावत आल्या, पाणी पाजलं, साखर चाटवली. माऊनं सकाळी काही खाल्लेलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, ही रोज डबा दुसऱ्या मुलींना देऊन टाकते, भूक नाही म्हणते.

मी कार्ड सोडलं नाही. ती खाली बसलेलीच होती, तिथेच तिला समजावलं, ‘छान केलंस, लगेच खाली बसलीस, पडली असतीस तर लागलं असतं. पण उपाशी वॉर्डात येणं हा बेजबाबदारपणा आहे. बाकी प्रगती छान.’ ती ‘हो मॅडम’ म्हणाली आणि उठून पुन्हा कामाला गेली. इतकं शांतपणे मी पूर्वी बोलूच शकले नसते.

मात्र मावशींनी मला हाक मारली आणि हळूच म्हणाल्या, ‘बाई, त्या पोरीची बोटं किती गार असतात हो. आधी गरम असतात, तुम्ही आलात की गार पडतात.’ मी त्यांना सांगितलं की एसी जवळ आहे, त्यामुळे.

हे लिहिताना वाटतंय, एसी तर त्या बाजूला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

प्रॅक्टिकलची तारीख लागली, ८ ऑक्टोबर. बाहेरून परीक्षक येणार, आतली परीक्षक म्हणून माझी नेमणूक. म्हणजे माऊ परीक्षा देणार आणि मी तिच्यासमोर बसून बघणार. नियम आहे की आतल्या परीक्षकानं गुण द्यायचे, बोलायचं नाही.

हॉस्टेलच्या वॉर्डनबाई स्टाफरूममध्ये आल्या होत्या. म्हणाल्या, ‘तुमच्या माऊनं बॅग भरून ठेवलीय, पलंगाखाली. विचारलं तर म्हणते, आठ तारखेनंतर लागेलच.’ परीक्षा व्हायची आहे आणि ही जायच्या तयारीत! मी तिच्यावर महिनाभर एकदाही आवाज चढवला नाही. एकदाही नाही. आणखी काय करायचं माणसानं?

तिला बोलावून घेतलं. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी दारातच. ‘काही अडचण आहे का?’ ‘नाही मॅडम.’ ‘कुणी काही बोलतं का?’ ‘नाही मॅडम.’ ‘मग बॅग का भरलीस?’ ‘काही नाही मॅडम.’ मी कार्ड काढलं, आणि मला काही केल्या पहिली पायरी सुचेना. शेवटी म्हटलं, छान अभ्यास कर. तिनं अंग चोरलं. मी पाहिलं ते, पण दार वाऱ्यानं वाजलं म्हणून दचकली असेल असं समजले.

४ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहायला हात उचलत नाही.

आज उजळणीला रेडिओला ड्रेसिंग करायला लावलं होतं, प्लास्टिकच्या हातावर. उत्तम केलं तिनं. चिमटा कुठे चुकला नाही, बोट कुठे लागलं नाही. सांगण्यासारखी चूकच नव्हती. मी म्हटलं, ‘छान,’ आणि पुढच्या मुलीकडे वळले. रेडिओ जागची हलेना. ‘मॅडम, मारा ना पटकन,’ म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

‘काय मारू?’

सगळ्या मुली जमिनीकडे बघायला लागल्या. मी दार लावून घेतलं. म्हटलं, ‘मी रागावणार नाही. शपथ. काय ते सांग.’

रेडिओ ती, किती वेळ गप्प बसणार? म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे… तुम्ही छान म्हणता आणि मग बसतं ना. आम्ही त्याला छान बसलं म्हणतो. आज कुणाला छान बसलं, किती जोरात बसलं, असं. गंमत म्हणून हो.’ मग जरा थांबून, ‘माऊला गंमत वाटत नाही. ती आंघोळ करताना पण मोजते म्हणे, उद्या किती बसतील. तिला सिस्टरनी परवा म्हटलं, चादर छान घातलीस, तर ती तिथेच उभी राहिली, पुढचं ऐकायला. सिस्टर निघून गेल्या तरी उभीच.’

युनिफॉर्म! मी युनिफॉर्म समजले होते. आणि तिचा युनिफॉर्म सैल का होतोय हे बघून शिंप्याला नावं ठेवत होते.

माऊ त्या वेळी तिथेच, कोपऱ्यात, ट्रे पुसत होती. पुसून झालेला ट्रे पुन्हा पुसत होती. मला तिच्यापाशी जायचं होतं. गेले असते तर काय म्हणाले असते, तेही ठाऊक नव्हतं. गेले नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला वाटलं असेल कापसाची आठवण करून द्यावी, पण माझं तोंड बघून गप्प बसला. लेक म्हणाली, ‘मग छान म्हणूच नकोस.’ तेवढं तर मलाही सुचलं होतं.

ठरवलं. आठ तारखेपर्यंत तो शब्द तोंडातून काढायचा नाही. कार्ड कपाटात टाकलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

माझ्या अकलेचे दिवे. काल आणि आज शब्द टाळला, आणि त्याच्या जागी काय बोलायचं ते कळेना म्हणून काहीच बोलले नाही. मुली काम करतात, मी मान हलवते, पुढे जाते. आज इन्चार्ज सिस्टरनी मला लिननच्या खोलीत ओढलंच. ‘काय मांडलंयस तू? पोरींची पाचावर धारण बसलीय. माऊ विचारत होती, शिट्टी मॅडम आता बोलतही नाहीत, म्हणजे माझं नक्की ठरलं का?’

‘मग मी काय करू सिस्टर, तुम्हीच सांगा.’

‘मला काय ठाऊक! मी ओरडते, त्या हसतात. तू ओरडलीस तर पेपरात येईल.’ त्या चादरी मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘खरंच, मला नाही सुचत गं काही.’ त्यांनाही सुचत नाही म्हटल्यावर मला जास्तच भीती वाटली.

निघताना माऊ कॉरिडॉरमध्ये दिसली. मी तिला थांबवून म्हणाले, ‘उद्या नीट होईल. घाबरू नकोस.’ ती ‘हो मॅडम’ म्हणाली आणि थांबून राहिली. ‘जा,’ मी म्हटल्यावर गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार

जसं घडलं तसं लिहिते.

परीक्षक बाई चांगल्या होत्या. वयस्कर, हसऱ्या, पेशंटला आधी ‘बरं वाटतंय का आजोबा’ विचारणाऱ्या. त्या आत आल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता. तेच चुकलं.

माऊच्या वाट्याला ते आजोबाच आले. ऑपरेशनची जखम पोटावर, ड्रेसिंग बदलायचं. तिनं हात धुतले, ट्रे लावला, जुनी पट्टी सोडवली, पुन्हा हात धुवून निर्जंतुक ग्लोव्ह्ज चढवले. एक पायरी चुकली नाही. ग्लोव्ह्ज चढवले की मग कशाला म्हणून हात लावायचा नसतो, हात छातीसमोर धरून ठेवायचे. तिनं धरले. चिमट्यात कापूस घेतला आणि जखमेवर वाकली.

परीक्षक बाई म्हणाल्या, ‘छान.’

मनापासून म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते, मला कळलं. माऊचा हात जखमेच्या वर थांबला. ती सरळ उभी राहिली, चिमटा वर धरून, आणि परीक्षक बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई तिच्याकडे बघून हसल्या. त्यानं तर ती पार गोठली. आजोबांनी मान उचलून आधी पोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

‘पुढे?’ परीक्षक बाई म्हणाल्या. माऊच्या कपाळावर घाम. ओठ हलत होते. ती मनात मागे जाऊन प्रत्येक पायरी तपासत होती, कुठे चुकलं ते शोधत होती, आणि तिथे चूक नव्हतीच. ‘विसरलीस का, बाळ?’ बाईंनी विचारलं आणि पेन उचललं. ते पेन बघून माऊनं माझ्याकडे पाहिलं. महिनाभरात तिनं माझ्या डोळ्यांत पहिल्यांदा पाहिलं, आणि ती माझ्याकडे मदत मागत नव्हती. माझी वाट बघत होती. मी मारण्याची.

मी बोलले. आतल्या परीक्षकानं बोलायचं नसतं, तरी बोलले. ‘माऊ, त्यांचं बोलणं संपलंय. पुढे काही नाही. खरंच काही नाही.’ आणि आवाज माझाच तो, सगळ्या वॉर्डानं ऐकला.

परीक्षक बाईंचं हसू मावळलं. ‘मॅडम, तुम्ही परीक्षा चालू असताना विद्यार्थिनीशी बोललात. हे मला लिहावं लागेल. थांबव गं, आपण आधी—’

‘जखम उघडी आहे,’ माऊ म्हणाली.

आम्ही दोघीही गप्प झालो.

‘उघडी ठेवता येणार नाही. मी आधी बांधते, मग तुम्ही म्हणाल ते.’ आणि ती वाकली. कापूस टाकून नवा घेतला, कारण जुना हवेत फार वेळ राहिला होता. आतून बाहेर, एका फटक्यात एक कापूस, जसं शिकवलं तसं. आजोबांना विचारलं, झोंबतंय का. ड्रेसिंग संपेपर्यंत तिनं आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही.

मला बाहेर बसवलं. बाकी मुलींचे गुण एकट्या परीक्षक बाईंनी दिले. माऊची तोंडी परीक्षा वेगळी घेतली. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर, पेशंटच्या नातेवाइकांच्या शेजारी. एका बाईनं मला विचारलं, ‘तुमचं कोण आत आहे?’ मी सरकून तिला बाकावर जागा करून दिली.

संध्याकाळी परीक्षक बाई बाहेर आल्या. ‘तुमची मुलगी पास आहे,’ त्या मला म्हणाल्या. ‘तुमच्या बोलण्यामुळे नाही. जखमेमुळे.’

१० ऑक्टोबर, शुक्रवार

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. परीक्षेच्या कामातून मला दोन वर्षं वगळलं आहे. मी सगळं सांगितलं, छान बसतं तेही. ‘पण कार्डात तर चुकीचं काही नाही ना?’ त्यांनी विचारलं. खरंच नाही. मीही तेच म्हटलं. चुकीचं काय आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मला वाटलं होतं, पास झाली, सुटलो. वॉर्डनबाई म्हणतात, बॅग अजून भरलेलीच आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

माऊ अर्ज घेऊन आली. कॉलेज सोडण्याचा. दारात उभी राहून हात लांब करून कागद पुढे केला. ‘मॅडम, तुमची सही लागते.’

‘तू पास झालीस माऊ.’

‘हो मॅडम.’

‘मग का जातेस?’

‘काही नाही मॅडम. घरी बरं वाटेल.’

मला तिला सांगायचं होतं की तुझा हात चांगला आहे, त्या दिवशी तू आम्हा दोघींना गप्प केलंस, तुझ्यासारखी नर्स माझ्या आईला मिळाली असती तर मी निश्चिंत झोपले असते. सगळं खरं. आणि माझ्या तोंडून निघालेलं यातलं एक अक्षरही तिला खरं वाटणार नव्हतं. तोंडभर कौतुक करायला बसले असते तर ती शेवटपर्यंत ‘पण’ची वाट बघत उभी राहिली असती. एका महिन्यात मी हा शब्द इतका नासवून ठेवला होता. सही करावी आणि मोकळं व्हावं असंही मनात आलं. पेन हातात घेतलंही.

मग ठेवलं. विचारलं, ‘माझं काय चुकलं ते सांगशील?’

तिनं चमकून पाहिलं.

‘आधी चांगलं काही सांगायचं नाही,’ मी म्हणाले. ‘मधलंच सांग.’

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं एक चाक करकरत होतं. मला वाटलं, ही आता ‘काही नाही मॅडम’ म्हणणार. मग ती एकदम बोलली, आणि भिंतीकडे बघत बोलली.

‘तुम्ही बोलताना माझ्याकडे बघत नाही. खिशाकडे बघता.’

मी ‘बरं’ म्हणाले.

‘मला माझी चूक कळायचीच नाही. आधीचं खरं की मधलं खरं, हेच शोधत बसायचे. पट्ट्याची चूक मला तीन दिवसांनी कळली. सिस्टर ओरडल्या तेव्हा.’

हे मला लागलं. मी खूप सबुरीनं वागले होते गं, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. मिटून घेतलं.

‘आणि मला चक्कर आली ना,’ ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला, ‘तेव्हा मला वाटलं, आता तरी तुम्ही विचाराल, काय होतंय तुला. तुम्ही तेव्हासुद्धा आधी छान म्हणालात. मी जमिनीवर बसले होते मॅडम. जमिनीवर बसलेल्या माणसाला कुणी छान म्हणतं का?’

माझे डोळे भरून आले. पुसले नाहीत, कारण पुसले असते तर ती थांबली असती, मला समजावत बसली असती. ती तशी आहे. मी तिच्याकडे बघत राहिले. नुसतं बघत राहणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं.

‘अजून काही आहे?’ मी विचारलं.

तिनं नाक पुसलं. हातातल्या अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘आहे,’ ती म्हणाली. ‘पुष्कळ आहे.’ आणि दारातून आत येऊन खुर्ची ओढून बसली.